पैसा ई राह्यनात का जाई राह्यनात?

ताई, मी अमळनेर तालुक्यातल्या एका गावातली. मी, माझी जाऊ आणि गल्लीतल्या दोघी मिळून दोन वर्षांपासून बिबड्या (ज्वारीचे पापड), कुरडया आणि काळा मसाला करून विकतो. पुण्याला नणंदेच्या सोसायटीत माल चांगला खपला, म्हणून दिवाळीत भाच्याने फेसबुकवर पेज आणि इन्स्टावर खातं काढून दिलं. मागच्या आठवड्यात एकाचा फोन आला. फौजी आहे म्हणाला, कॅन्टीनला २० किलो बिबड्या पाहिजेत. ओळखपत्राचा फोटोही पाठवला. पैसे आगाऊ देतो म्हणून आधी पाच रुपयांचा क्यूआर कोड स्कॅन करायला लावला, तर लगेच दहा रुपये परत आले. मग मोठा कोड पाठवला. तो स्कॅन केला आणि माझ्या खात्यातून ९,८०० रुपये गेले. सासूबाई शेजारीच मिरच्यांची देठं काढत बसल्या होत्या. त्या आमच्या अहिराणीत विचारत होत्या, "पैसा ई राह्यनात का जाई राह्यनात?" म्हणजे पैसे येताहेत की जाताहेत? मी त्यांनाच गप्प केलं. तीन दिवस घरात कुणाला सांगितलं नाही. आता मिस्टर म्हणतात, पेज बंद कर, हा धंदा आपला नाही. त्यात एका एजन्सीचे रोज फोन येतात. ४,९९९ रुपयांत दहा हजार फॉलोअर्स देतो, फक्त पासवर्ड द्या म्हणतात. ऑनलाईन विकावं की नाही? विकायचं तर सुरुवात कुठून करू? नाव छापू नका.

ताई, नाव छापत नाही. सासूबाईंचा प्रश्न मात्र मी मथळ्यात घेतला आहे, कारण तुमच्या सगळ्या पत्रात सगळ्यात शहाणं वाक्य तेच आहे. त्यांना स्मार्टफोन वापरता येत नसेल, पण व्यवहाराची नाडी त्यांनी बरोबर पकडली होती.

आधी पैशांचं बोलू, कारण त्यात वेळ महत्त्वाचा आहे. तुम्ही १९३० या नंबरवर फोन केल्याचं पत्रात कुठे लिहिलेलं नाही. केला नसेल तर हे वाचून झाल्या झाल्या करा. सायबर फसवणुकीची तक्रार घेणारा हा देशभराचा नंबर आहे. सायबरक्राईम डॉट जीओव्ही डॉट इन या सरकारी साईटवरही तक्रार नोंदवता येते. असे पैसे भामट्याच्या एका खात्यात पडून राहत नाहीत. तिथून दुसऱ्या, तिसऱ्या खात्यात फिरतात आणि शेवटी एटीएममधून काढले जातात. ते काढले जाण्याआधी तक्रार पोचली, तर वाटेतल्या बँकेला ती रक्कम गोठवता येते. म्हणून पहिले काही तास सोन्याचे असतात. तुमचा आठवडा गेला, पैसे परत येतीलच असं मी सांगणार नाही. तरीही तक्रार कराच. ज्या खात्यात तुमचे पैसे गेले, त्यात आणखी कितीतरी जणींचे गेले असतील. प्रत्येक तक्रारीने ते खातं बंद पडायला जोर मिळतो.

बरोबर काय काय लागेल? युपीआय अ‍ॅपच्या इतिहासात त्या व्यवहारावर बोट ठेवलं की बारा आकड्यांचा यूटीआर नंबर, म्हणजे त्या व्यवहाराचा क्रमांक, दिसतो, तो लिहून घ्या. पासबुकात एन्ट्री करून घ्या. त्या माणसाचा नंबर, चॅट, ओळखपत्राचा फोटो, क्यूआर कोड, सगळ्याचे स्क्रीनशॉट काढून ठेवा. रागाच्या भरात बायका पहिलं काम चॅट डिलीट करायचं करतात. ते करू नका, तोच तुमचा पुरावा आहे. मग तुमच्या बँकेच्या शाखेत लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. बँक म्हणेल, पिन तुम्हीच टाकला होता. म्हणू दे. अर्ज तरी नोंदवला जाईल. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते, तिला फी लागत नाही.

आणखी एक. येत्या काही दिवसांत तुम्हाला एखादा फोन येऊ शकतो. "सायबर सेलमधून बोलतोय, तुमचे ९,८०० सापडलेत, परत करायला ५०० रुपये प्रोसेसिंग फी भरा." एकदा फसलेल्या माणसाचा नंबर या लोकांत फिरत राहतो. पोलीस पैसे परत करायला फी घेत नाहीत, ओटीपी मागत नाहीत, व्हिडिओ कॉलवर अटकही करत नाहीत. 'डिजिटल अरेस्ट' नावाची गोष्ट आपल्या कायद्यात नाहीच.

आता त्या पाच रुपयांकडे जरा जवळून बघू. तुम्ही कोड स्कॅन केला तेव्हा स्क्रीनवर वर एक नाव आलं असेल, त्याखाली रक्कम, आणि खाली 'पे' असं बटण. ते दाबल्यावर पिनचे चौकोन आले. तुम्ही पिन टाकला आणि पाच रुपये गेले. त्याने लगेच दहा पाठवले. आपल्या मनाने ताळा जुळवला, की स्कॅन केलं म्हणून पैसे आले. खरं तर ते दोन वेगळे व्यवहार होते. एक तुम्ही केलेला, दुसरा त्याने. जाळ्यात दाणा टाकतात तसे ते दहा रुपये होते. दुसऱ्या वेळी बटण तेच होतं, पिनचे चौकोन तेच होते. बदलली ती रक्कम, आणि तिकडून तो घाई करत होता, "ताई लवकर, साहेब सही करायला थांबलेत." असंच काहीतरी म्हणाला असणार.

युपीआयचा पिन फक्त आपले पैसे जाताना लागतो, किंवा खात्यात किती शिल्लक आहे ते बघायला. पैसे यायला पिन लागत नाही, कोड स्कॅन करावा लागत नाही, कुठलंही बटण दाबावं लागत नाही. तुम्ही झोपलेल्या असलात तरी पैसे येतात. आधी हे लोक पैसे मागणारी रिक्वेस्ट पाठवून फसवायचे. ऑक्टोबर २०२५ पासून माणसामाणसांतल्या व्यवहारात ती सोय बंद केली, म्हणून आता क्यूआर कोडवर त्यांचा भर आहे. गिऱ्हाईकाने तुमचा कोड स्कॅन करायचा, तुम्ही गिऱ्हाईकाचा करायचा नाही. भाजीवाल्याच्या गाडीवर कोड त्याचा असतो आणि स्कॅन आपण करतो, तसंच.

आणि हो, "पैसे पाठवले" असा स्क्रीनशॉट किंवा मेसेज आला म्हणजे पैसे आले असं नाही. दोन्ही गोष्टी दोन मिनिटांत खोट्या बनवता येतात. आपल्या बँकेच्या अ‍ॅपमध्ये शिल्लक बघा. ती वाढली असेल तरच डब्याला टेप लावा.

तो फौजी निघाला नाही याचं तुम्हाला जास्त लागलंय, हे पत्रातून कळतं. आपल्याकडे गावोगावची मुलं फौजेत आहेत, वर्दी म्हटली की आपण उठून पाणी देतो. हे त्यांना पक्कं ठाऊक असतं, म्हणून ते तेच सोंग घेतात. त्यात तुमचा मूर्खपणा नाही. पण त्याचं बोलणं पुन्हा आठवून बघा. २० किलो बिबड्या म्हणजे केवढा ढीग होतो, हे बिबडी कधी खाल्लेल्या माणसाला कळतं. त्याने तिखट आहेत का विचारलं? लसूण आहे का, तीळ आहेत का, वाटेत तुटतील का, कधीपर्यंत मिळतील? भाव केला? खरं गिऱ्हाईक खोड काढतं, घासाघीस करतं, "मागच्या वेळी मीठ जास्त होतं" म्हणून सांगतं. न बघता, न विचारता, भाव न करता मोठी ऑर्डर देणारा माणूस आला की सावध व्हायचं. फौजेची कॅन्टीन व्हॉट्सअ‍ॅपवरून अनोळखी बाईकडून माल घेत नसते.

आता तुमचा खरा प्रश्न. विकावं की नाही? विकावं. जरूर विकावं. मिस्टरांची काळजी मला समजते, पण बाजारात खिसा कापला गेला म्हणून कुणी बाजाराला जायचं सोडत नाही, पिशवी पुढे धरायला शिकतो. त्यांना शेजारी बसवून हे पत्र वाचून दाखवा. तुम्ही तीन दिवस गप्प राहिलात, ते तीन दिवस त्या भामट्याच्या कामी आले. तुमच्या चौघींचा एक नियम करा: कुणाकडूनही चूक झाली तर त्याच तासाला बाकीच्या तिघींना सांगायचं, आणि सांगणारीला कुणी बोल लावायचा नाही. बोल लागणार असेल तर माणूस लपवतो.

एजन्सीला सरळ नाही म्हणा. त्या दहा हजार फॉलोअर्समध्ये बिबडी खाणारा एकही नसेल. बहुतेक खोटी खाती असतात, कुठल्या तरी भलत्याच देशातली. त्याने तुमचं नुकसानच होतं. तुम्ही फोटो टाकला की फेसबुक, इन्स्टा तो आधी थोड्या लोकांना दाखवतात. त्यांनी बघितला, थांबले, काही विचारलं, तर आणखी लोकांपुढे नेतात. ते थोडे लोकच खोटे असले तर तुमचा फोटो तिथेच पडून राहतो. ३०० खऱ्या माणसांचं पेज दहा हजार मढ्यांच्या पेजपेक्षा कितीतरी जिवंत असतं. आणि पासवर्ड मागणाऱ्याचं तर ऐकूनच घ्यायचं नाही. खरोखर कुणाकडून काम करून घ्यायचं झालं, तर सेटिंगमधून त्या माणसाला पेजवर मर्यादित कामाचा हक्क देता येतो आणि काम झालं की काढून घेता येतो. घराची किल्ली द्यावी लागत नाही.

किल्लीवरून आठवलं, पेज भाच्याने काढलंय ना? मग ते त्याच्या खात्यावर आहे की तुमच्या? आजच बघा. मुलगा गुणी असेल, पण उद्या नोकरीला गेला, त्याचं खातं हॅक झालं, तर पेज त्याच्याबरोबर जाईल. त्याला सांगून पूर्ण ताबा तुमच्या नावावर घ्या आणि जावेलाही जोडून ठेवा, म्हणजे एकीचा फोन पाण्यात पडला तर दुसरीच्या हातात किल्ली राहील. पासवर्ड मुलाचं नाव आणि जन्मसाल असा नको. चार असंबंधित शब्द आणि मध्ये एखादा आकडा असा लांबलचक ठेवा, तो लक्षातही राहतो. आणि टू-स्टेप व्हेरिफिकेशन, म्हणजे आणखी एका कोडचं किंवा पिनचं दुसरं कुलूप, चालू करा: फेसबुकला, इन्स्टाला, जीमेलला, व्हॉट्सअ‍ॅपला. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये त्याचा सहा आकडी पिन असतो. तो चालू असला तर चुकून तुमच्याकडून ओटीपी निसटला तरी दुसऱ्याला तुमचं व्हॉट्सअ‍ॅप उघडता येत नाही.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. माझ्या मसाल्याच्या पेजवर एक दिवस मेसेज आला की तुमच्या फोटोमुळे कॉपीराईटचा भंग झालाय, २४ तासांत पेज बंद होईल, आक्षेप असेल तर इथे क्लिक करा. वर कंपनीसारखंच चिन्ह होतं. दुपारची वेळ, बाहेर ऊन मी म्हणत होतं, कांडपावर मसाला सोडून आले होते. घाईघाईत पासवर्ड टाकला, मग आलेला कोडही टाकला. दहा मिनिटांत पेजचं नाव बदललं, फोटो बदलला, आणि मी बाहेर. चार वर्षांची मेहनत होती ती. मला रडू आवरलं नाही. पण धंदा बुडाला नाही, आणि त्याचं कारण माझ्या स्वयंपाकघरातल्या फडताळात होतं: लाल कापडी पाठीची एक वही. प्रत्येक गिऱ्हाईकाचं नाव, नंबर, गाव, काय घेतलं, तिखट कमी की जास्त, हे सगळं मी पहिल्या दिवसापासून त्यात लिहीत होते. त्या रात्री वही उघडली आणि एकेकाला मेसेज केला. आठवड्यात ऑर्डर पुन्हा सुरू झाल्या.

म्हणून ताई, तुमचं पहिलं काम वहीचं. नणंदेच्या सोसायटीत ज्यांनी ज्यांनी माल घेतला, त्यांची नावं लिहून काढा. फेसबुक-इन्स्टावरची माणसं उसनी असतात, वहीतली आपली असतात. आणि ती वही बाहेर कुणाला दाखवू नका, लोकांनी नंबर तुमच्यावर विश्वास ठेवून दिलेले असतात.

दुसरं, एक वेगळं सिमकार्ड घ्या. घरचा नंबर धंद्याला वापरू नका. नव्या नंबरावर व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस टाका, ते फुकट आहे. त्यात मालाचा कॅटलॉग करता येतो: फोटो, वजन, भाव. रात्री अकराला कुणी "हाय डिअर" केलं तर आपोआप उत्तर जातं की आम्ही सकाळी ९ ते संध्याकाळी ६ या वेळेत बोलतो. पुन्हा केलं तर ब्लॉक करा. त्यात संकोच कसला? एका वेळी २५६ जणांना जाणारी ब्रॉडकास्ट यादी करता येते, पण ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केला असेल त्यांनाच तो मेसेज पोचतो. म्हणून प्रत्येक पाकिटात एक चिठ्ठी टाका: "हा नंबर सेव्ह करा, नवा माल आला की कळवू." दिसेल त्या ग्रुपमध्ये जाहिरात टाकत सुटू नका. लोक वैतागून रिपोर्ट करतात आणि नंबरच बंद पडतो.

या नंबराला जोडलेलं बँक खातंही वेगळं ठेवा. जिल्हा बँकेत असो की पोस्टात, जिथे सोयीचं पडेल तिथे. त्यात धंद्याचेच पैसे येऊ द्या आणि शनिवारी वरचे पैसे घरच्या खात्यात वळवा. उद्या काही वाईट झालं तर त्या आठवड्याचंच नुकसान होईल, कापसाचे आलेले पैसे वाचतील.

आता विकायचं काय, यावर मला तुमच्याशी जरा भांडायचंय. लांबच्या गिऱ्हाईकाला बिबड्यांपासून सुरुवात करू नका. बहुतेक कुरिअरवाले नुसतं वजन धरत नाहीत. खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये गुणतात, ५,००० ने भागतात, आणि येणारा आकडा खऱ्या वजनापेक्षा जास्त असला तर त्याचे पैसे लावतात. ४० बाय ३० बाय ३० चं खोकं घेतलंत तर ७.२ किलोचे पैसे लागतील, आत माल दोन किलोच का असेना. बिबड्या, कुरडया म्हणजे हवा पाठवणं आहे. काळा मसाला मात्र जड, छोटा आणि न तुटणारा. एका किलोला छोटा डबा पुरतो. नव्या गावाला, नव्या माणसाला आधी मसाला पाठवा. तो आवडला की ते स्वतःच विचारतील, बिबड्या आहेत का. पुण्या-सुरतेला बिबड्या पाठवायच्याच तर चार-पाच ऑर्डर एकत्र करून अमळनेरहून रात्रीच्या ट्रॅव्हल्सने एक मोठं पार्सल टाका, तिकडे कुणीतरी उतरवून घेणारं असलं की झालं. भाव काढताना डबा, टेप, चिठ्ठी, रिक्षा, आणि तुमच्या चौघींची मजुरी धरा. मजुरी न धरता भाव काढणाऱ्या बायका मी खूप बघितल्या. त्या वर्षभर राबतात आणि आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, हिशेब केला की हातात काही उरत नाही.

सुरत मी सहज म्हटलं नाही. उधना, लिंबायत भागात आपली किती माणसं आहेत, तुमच्या गल्लीतलंही कुणी असेलच. पुणे, नाशिक, कल्याणकडेही आहेत. त्यांना घरच्या चवीची ओढ आहे. म्हणून व्हिडिओत शुद्ध मराठी बोलायचा आटापिटा करू नका. तुमच्या अहिराणीत बोला. सासूबाईंना बसवा! ज्वारी कशी भिजवली, घाटा कसा शिजला, लसूण-मिरची-तीळ कधी घातले, ओल्या कापडावर गरम गरम घाटा हाताने कसा पसरवला, हे त्यांच्या शब्दांत येऊ द्या. ३० सेकंद पुरतात. हात दिसू द्या, वाफ दिसू द्या. तोंड दाखवायचं की नाही हे त्यांचं त्यांनी ठरवावं, नुसते हात आणि आवाज असला तरी चालतं. सुरतेतल्या एखाद्या खोलीत बसलेल्या पोराला ती बोली ऐकू आली की तो आईला फोन दाखवेल. कुठल्याही जाहिरातीत ही ताकद नाही.

फोटो सकाळी आठ-साडेआठला काढा, ओसरीत, उजेड बाजूने येईल असा. भर उन्हात काढलेला फोटो पांढरा पडतो. एक बिबडी हातात धरून उजेडासमोर उचला, म्हणजे तिची जाडी आणि आतले तीळ दिसतील. फिल्टर लावू नका. मसाला स्क्रीनवर तांबूस दिसला आणि घरी काळा निघाला तर माल परत येईल. आणि फोटोच्या मागे बघा: घरावरचा नंबर, मुलाच्या शाळेचा गणवेश, कपाटाची किल्ली, भिंतीवर लावलेलं आधारकार्ड, यातलं काही येत नाही ना? अनोळखी माणसाला तुमच्या घराविषयी जेवढं कमी कळेल तेवढं बरं. पाकिटावरच्या लेबलवर पत्ता लिहावाच लागतो, तो नियमच आहे, पण प्रत्येक पोस्टमध्ये टाकायची गरज नाही.

लेबलवरून सांगते, खाण्याचा माल विकता तर एफएसएसएआयची, म्हणजे अन्नसुरक्षा बघणाऱ्या सरकारी संस्थेची, नोंदणी हवीच. घरगुती छोट्या उद्योगाला साधी नोंदणी पुरते, तिची सरकारी फी वर्षाला १०० रुपये आहे आणि चौदा आकडी नंबर मिळतो, तो पाकिटावर छापायचा. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, तर पूर्ण फुकट आहे. मात्र गुगलवर शोधलंत तर सरकारी वाटणाऱ्या खासगी साईट आधी दिसतात आणि त्या दोन-तीन हजार मागतात. पत्त्याच्या शेवटी जीओव्ही डॉट इन आहे का ते बघा. कुरिअर किंवा बँकेचा कस्टमर केअर नंबरही गुगलवर शोधू नका, तिथे भामट्यांनी आपले नंबर पेरलेले असतात. बँकेचा नंबर पासबुकावर आणि एटीएम कार्डाच्या मागे छापलेला असतो, कुरिअरचा पावतीवर.

पैसे देऊन जाहिरात करायची का? दोन महिने नको. मग वाटलंच तर दिवसाला १०० रुपये, पाच दिवस, फक्त पुण्यापुरती करून बघा. त्या ५०० रुपयांत किती जणींनी भाव विचारला आणि किती जणींनी माल घेतला, ते वहीत लिहा. १२ जणींनी विचारलं आणि तिघींनी घेतला, तर एका गिऱ्हाईकाला साधारण १६७ रुपये पडले. ते गिऱ्हाईक पुन्हा पुन्हा येणार असेल तर परवडलं, एकदाच पाव किलो मसाला घेऊन जाणार असेल तर नाही. हा हिशेब तुमचा तुम्हीच करायचा, एजन्सी तो करून देत नाही. कॅश ऑन डिलिव्हरीही सध्या टाळा. पार्सल परत आलं तर जाण्या-येण्याचं भाडं तुमच्याच माथी बसतं. ओळखीच्यांना अर्धे आगाऊ, नव्यांना पूर्ण आगाऊ. ज्याला खरोखर बिबडी खायचीय तो देतो.

आणि लग्नसराई आहे म्हणून हे एक. व्हॉट्सअ‍ॅपवर 'लग्नपत्रिका' किंवा 'गाडीचं चलन' म्हणून फाईल आली आणि तिच्या नावाशेवटी एपीके असं असलं, तर ती उघडू नका, ओळखीच्या नंबरवरून आली असली तरीही. ते अ‍ॅप असतं. एकदा बसलं की तुमचे मेसेज वाचतं, म्हणजे ओटीपीही. पत्रिका फोटो किंवा पीडीएफमध्ये येते. शंका आली तर त्या पाहुण्यांना फोन करून विचारा, त्यांनाही बरं वाटेल.

वाळवणाचे दिवस सुरू आहेत आणि आखाजीला माहेरवाशिणी येतील, तेव्हा तुमच्या मालाला घरबसल्या मागणी असेल. त्यांच्यापैकी प्रत्येकीच्या हातात एक पाकीट आणि नव्या नंबराची चिठ्ठी द्या. पण आधी १९३० ला फोन करा, बँकेत अर्ज देऊन पोच घ्या, आणि येताना दोनशे पानी एक वही घेऊन या. जाऊबाईंना सांगा ज्वारी भिजत घालायला. सासूबाईंना, तो प्रश्न दर वेळी मोठ्याने विचारायला सांगा, आणि विचारला की तुम्ही हात थांबवून त्यांना स्क्रीनवर काय लिहिलंय ते वाचून दाखवा.